नापास झालेली आमची डॉक्टर

सव्वा महिन्यापूर्वी खर्ड्याहून नसीमच्या धाकट्या भावाचा फोन आला. "आपा गेली, सर..." एवढंच बोलला. मी मेडिकलच्या मुलांचे पेपर तपासत होतो. गठ्ठा त्या दिवशी तसाच राहिला.

डॉ. नसीम शेख आणि मी एमबीबीएसला एका वर्गात. मी पहिल्या नंबरचा आणि त्याचा तोरा मिरवणारा. नसीमची मात्र तोंडी परीक्षेत दातखीळ बसायची. शेवटच्या वर्षी मी विद्यापीठात पहिला आलो, ती मेडिसिनमध्ये नापास झाली. तिच्या अब्बांचा निरोप आला, "लई झालं शिक्षन, घरी ये." तिने पेटी भरायला घेतली.

त्याच आठवड्यात माझ्या आईला दम लागत होता. मी दमा ठरवून मोकळा झालो होतो. निरोप घ्यायला आलेली नसीम आईजवळ बसली आणि सहज विचारावं तसं म्हणाली, "मावशी, झोपताना उशा किती घेता?"

"तीन घेते गं. आडवं पडलं की जीव घुसमटतो."

नसीमने आईच्या पायावर बोट दाबलं. सुजेवर खड्डा उमटला. दुखणं हृदयाचं होतं... याच लक्षणावर मी परीक्षेत पानभर लिहून आलो होतो, आणि घरात एका उशीच्या तीन झालेल्या मला दिसल्या नव्हत्या! लाज वाटली, आजही वाटते. आई वाचली ती नसीममुळे.

मग वर्गातले आम्ही आठ जण एसटीने खर्ड्याला तिच्या घरी गेलो. अब्बांना म्हणालो, "आमच्या घरी कोणी आजारी पडलं तर आम्ही हिलाच बोलावतो."

ते हसले. "व्हय? मग तपासनाराच नापास झाला म्हना की!"

अब्बांनी तिला परत धाडलं. सहा महिन्यांनी नसीम काठावर पास झाली आणि खर्ड्यात तिने शेवटपर्यंत दवाखाना चालवला.

परीक्षा खोटी असते असं मी म्हणणार नाही, तिच्यावरच माझं पोट चालतं. पण वॉर्डात बरोबर राबणाऱ्यांना जे कळतं, ते आम्हा परीक्षकांना वीस मिनिटांत कुठून कळणार?

परवा निकालानंतर मी शेवटच्या वर्षाच्या मुलांना चिठ्ठीवर एकच नाव लिहायला सांगितलं. तुमची आई आजारी पडली तर वर्गातल्या कोणाला बोलवाल? बऱ्याच चिठ्ठ्यांवर नेवाशाच्या एका मुलीचं नाव निघालं. ती नापास झाली होती, कॉलेज सोडायचं म्हणत होती. गुण वाढवणं माझ्या हातात नाही. तिला खोलीत बोलावून नसीमची गोष्ट सांगितली आणि त्या चिठ्ठ्या तिच्या ओंजळीत ठेवल्या. ती एकेक उघडून वाचत गेली. मग डोळे पुसून म्हणाली,

"सर, फेरपरीक्षेचा फॉर्म कधी भरायचा?"