मनियार चाचीचा अंगठा

माझी जीभ तिखट आहे, हे गोरेगावातलं शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल. पेशंटनं दोन गोळ्या खाऊन बाकीच्या डब्यात ठेवल्या की माझं डोकंच फिरतं. तरी माणसं माझ्याच दवाखान्यात येतात, याचं मलाच नवल वाटतं.

मनियार चाची त्यातलीच. बाजारात तिचं बांगड्यांचं दुकान. बायकांच्या हातात काचेच्या बांगड्या भरताना हात असा हळू दाबायची, की घट्टातली घट्ट बांगडी न दुखता आत जायची. सगळी करामत उजव्या अंगठ्याची. एका सकाळी तोच अंगठा सुजवून आली.

"काय झालं, चाची?"

"काच लागली बांगडीची."

बांगडीवालीला काच नाही लागणार तर काय लागणार? दवाखान्यात गर्दी होती. मी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, कापलेल्या जखमेवर देतो ती नेहमीची गोळी लिहिली आणि पुढच्याला हाक मारली.

दोन दिवसांनी आली तेव्हा सूज मनगटापर्यंत चढलेली. अंगठा वाकेना.

"गोळ्या घेतल्या का न्हाई?" मी खेकसलो.

तिनं पाकीट पुढं केलं. एकही गोळी चुकवली नव्हती. तेव्हा कुठं मी चष्मा लावून नीट पाहिलं. अंगठ्याच्या बुडाशी शेजारीशेजारी दोन भोकं होती, टाचणीनं पाडल्यासारखी.

"चाची, काच कापते. असली भोकं पाडत न्हाई. खरं सांगा."

ती हळूच म्हणाली, "मांजर चावली, साहेब. बांगड्याच्या खोक्यात पिल्लं घातली तिनं. मी खोकं हलवाया गेले."

"मग खोटं काहून बोलल्या?"

"माझ्या शेजारणीला मांजरीनं वरबाडलं होतं, तवा तुमी किती वरडले! मांजर पोत्यात घाला न् कनेरगाव नाक्यावर सोडून या म्हणले. माझी तर लेकुरवाळी हाय."

घ्या! बोललो होतो खरा. अख्ख्या दवाखान्यानं ऐकलं होतं.

मांजरीचा दात सुईसारखा. वरून एवढंसं दिसतं, पण घाण पार सांध्यापर्यंत जाते. तिच्या तोंडातले जंतूही वेगळे. मी दिलेल्या गोळीला ते भीक घालत नाहीत. त्यांना अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलॅनिक ॲसिडची जोडगोळीच लागते. कधी पेनिसिलिननं अंगावर गांधी उठल्या होत्या का, धाप लागली होती का, हे आधी विचारलं. नाही म्हणाली. जखम धुतली, तेच औषध शिरेतून दिलं, दवाखान्याला कुलूप लावलं आणि तिच्याबरोबर हिंगोलीच्या जीपमध्ये बसलो. हातात चिठ्ठी देऊन तिला एकटीला पाठवायला मन धजेना.

"मांजर सोडावी लागंल का हो?" तिनं वाटेत विचारलं. स्वतःच्या हाताचं एका शब्दानं नाही!

"अजिबात न्हाई. रेबीजची सुई तुमाला आजच घ्यायची, न् मांजरीवर दहा दिवस नजर ठेवायची. हाकलून दिली तर बघायचं कुणाला?" हे बोलताना माझं मलाच लाजल्यासारखं झालं. शेजारणीला मी नेमकं उलटं सांगितलं होतं.

हिंगोलीच्या सर्जननं हात बघून मान हलवली. उद्यापर्यंत सूज उतरली तर बरं, नाहीतर चिरावं लागेल आणि अंगठा आखडला तर कायमचा. त्या दिवशी मला घास गोड लागला नाही. माझ्या तोंडापायी या बाईचं हातावरचं पोट जायची वेळ आली होती.

देवाची कृपा, दुसऱ्या दिवशी सूज उतरू लागली. चिरावं लागलं नाही. मांजरही ठणठणीत राहिली.

गोळ्या संपल्यावर चाची दवाखान्यात आली. मी माझा हात पुढं केला. "दाबा. बघू कितपत जोर आलाय."

तिनं अंगठा टेकवला आणि असा दाबला की मी भर दवाखान्यात "आई गं!" म्हणून ओरडलो.

चाचीनं हात सोडला नाही. "बरा झाला का ते सांगा, साहेब," ती म्हणाली. "वरडता काहून?"