बुवांनी राखलेली जागा

आमच्या आळीतले गोसावीबुवा कुठेही मांडी घालूनच बसायचे. कंपनीच्या बसमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, सरकारी कचेरीच्या खुर्चीतसुद्धा. माझे वडील त्यांच्याच कंपनीत, त्यांच्याच शिफ्टला. ते चिडवायचे, "बुवा, पाय सोडा की राव. पंगतीला बसलाय का?" बुवा म्हणायचे, "आमाला शेवटी असंच बसवून पुरत्यात. सवय असल्याली बरी."

त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून, पूर्वेला तोंड करून बसवतात आणि वर समाधी बांधतात. चाकणच्या अलीकडे ओढ्याकाठी त्यांच्या समाध्यांची फार जुनी जागा आहे. दगडी चौथरे, वर कोरलेल्या पादुका. पहिल्या शिफ्टवरून आले की बुवा आधी तिथे झाडून काढायचे, मग घरी चहा. बायकोच्या समाधीशेजारी एक मोकळा तुकडा होता, तोही झाडायचे. "ही माझी रिझर्वेशनची सीट," म्हणायचे.

त्यातली अर्धी जागा सरकारी गायरानात, अर्धी बुवांच्या भावकीच्या सातबाऱ्यावर. समाध्या जपायला सरकारी निधी आला, तेव्हा भिंत गायरानाच्या हद्दीपर्यंत आली आणि थांबली. ओढा कापत होता ती बाजू नेमकी भावकीची. दर पावसाळ्यात काठ ढासळायचा आणि बुवांच्या बायकोच्या समाधीच्या आणखी जवळ यायचा. बुवा कंपनीतल्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढा थोपवत राहिले.

आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. ते सांगताना मी उगाच लाजत नाही. बुवा मला नावाने हाकच मारत नसत. "चल गं ग्रॅज्युएट, सायब काय बोलतो त्ये समजावून सांग." किती वर्षं आम्ही कचेरीचा तो जिना चढलो-उतरलो. साहेब बदलले, उत्तर बदललं नाही: खाजगी जागेवर शासनाचा पैसा घालता येत नाही. साहेब वाईट नव्हते, एकाने तर चहा पाजला. नियमही मला कळत होता. नाहीतर उद्या कुणीही आपल्या बांधाला सरकारी भिंत मागेल. पण तोच नियम बुवांना पुन्हा पुन्हा समजावून सांगायचा मला शीण यायचा.

शेवटी एका साहेबांनी वाट सांगितली. भावकीने जागा सरकारला बक्षीस द्यावी, मग भिंत पुढे नेता येईल. "पण बुवा, मग तिथे नवीन समाधी बांधता येणार नाही."

बुवांनी मांडी सोडली. त्यांचे पाय खुर्चीखाली टेकलेले मी पहिल्यांदा पाहिले.

"म्हंजे मला तिथं जागा न्हाई?"

"नाही."

बुवांनी साहेबांच्या टेबलावरचं पेन उचललं. मग म्हणाले, "तिला वड्यात न्हाई जाऊ द्यायचं. सही कुठं करायची?"

भावकीत तेच थोरले. त्यांच्यामागोमाग सगळ्यांनी सह्या केल्या. भिंतीचा पाया भरला, गुडघाभर बांधकाम झालं आणि निधी संपला. उरलेलं काम पुढच्या निधीतून. बुवांचं झाडणं आणि गोण्या भरणं काही सुटलं नाही.

यंदा उन्हाळ्यात बुवा गेले. गोदामांच्या मागे भावकीला नवी जागा मिळाली आहे, तिथे त्यांना खड्ड्यात बसवलं. त्यांचा मुलगा खाली उतरला आणि त्याने दोन्ही खांदे धरून बुवांना हळूच मावळतीकडे वळवलं. तिकडे ओढा आहे.

"आरं, पूर्वेला त्वांड करत्यात. रीत मोडतोस व्हय?" वरून कुणीतरी ओरडलं.

"मोडू द्या, काका," तो म्हणाला. "भिंत पुरी हुतीय का, बघत बसू दे त्यांना."