लोखंडी खोलीतला आकडा

मला गावी परत जाऊन एकटीनं राहायचं होतं. मुलगा म्हणे, "आई, तुझ्या अंगात ताकद उरली नाही." अमेरिकेत, शुगर लँडच्या त्याच्या घरात वीस पौंडांची तांदळाची पिशवी गाडीतून आत मीच आणते, तेव्हा तो फोनवर बोलत असतो. पण तो इंजिनिअर. त्याला आकडा लागतो.

नागपूरची एक मुलगी इथल्या विद्यापीठात संशोधन करते, तिला म्हातारी माणसं हवीच होती. "आजी, प्रत्येकाच्या अंगात पोटॅशियम असतं, त्यातून आपोआप किरणं निघतात. मशीन ती मोजतं. स्नायू जास्त, तर पोटॅशियम जास्त." सुई नाही, औषध नाही, नुसतं पडून राहायचं. मुलाशी ठरलं, आकडा चांगला आला तर तो तिकीट काढेल.

मशीन म्हणजे जाड लोखंडी भिंतींची खोली आणि आत खाट. बाहेरची किरणं आत येऊ नयेत म्हणून एवढं लोखंड. मी लुगडं सोडायला नाही म्हटलं. मुलगी म्हणाली, "चालेल आजी, फक्त दागिने काढा." काढले. कमरेची पिशवी हा काही दागिना नव्हे, ती राहिली.

अर्ध्या तासानं बाहेर आले. मुलगी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघतच होती.

"आजी, हा तर पैलवानाचा आकडा आहे."

"मशीन बिघडलंय तुझं," मुलगा लगेच म्हणाला. आईच्या अशक्तपणावर त्याची फार श्रद्धा.

मुलीनं विचारलं, "सोबत काही होतं का?" मी पिशवीतली मिठाची भली मोठी पुडी काढली. इथे कुणाकडेही गेलं तरी जेवण अळणी.

"लो सोडियम आहे. तिच्या बीपीसाठी मीच आणतो," मुलगा म्हणाला.

"काका, सोडियम काढून त्यात पोटॅशियमच घालतात."

पुडी बाहेर ठेवून मी पुन्हा अर्धा तास पडले. या वेळी उत्तर आलं, वयाच्या मानानं ठीक.

"ठीक म्हणजे चांगलं नाही," मुलगा म्हणाला.

"आता तू झोप," मी म्हटलं.

तो झोपला. त्याचा आकडा सांगायला मुलीनं फार वेळ लावला.

"काका, तुमचं बसून काम असतं ना?"

"कमी आहे?"

"वयाच्या मानानं."

"ठीकसुद्धा नाही?"

तिनं पडदाच त्याच्याकडे वळवला.

गाडीत त्यानं आधी माझा पट्टा लावून दिला. मग म्हणाला, "तिथे दूध कोण आणून देणार तुला?"

"मी जाईन की आणायला."

त्याच आठवड्यात त्यानं तिकीट काढलं. न विचारता परतीचंही काढलं. ते कॅन्सल कसं करतात, हे मी आता त्या नागपूरच्या मुलीकडून शिकून घेणार आहे.