शोभेच्या पेट्या

माझ्या धाकट्या जावेला घरात सगळे खोकेवाली म्हणतात. तिला त्याचा राग नाही. उभा जन्म तिनं दुकानांच्या काचेत मांडायची खोकी केली. वरून चहा, साबण, अत्तर, आत भुसा. खरा माल उन्हानं खराब होतो, म्हणून काचेमागं हा खोटा. हाताला अशी सफाई, की जाणारा-येणारा थबकायचाच. पण नवा माल आला की तिचं खोकं केरात. तिच्या हातचं कुणी कधी हौसेनं घरी नेलं नाही.

त्यामुळं माझी नात तिच्याकडं आली, तेव्हा जाऊ नुसती फुलली. लग्नाआधी मैत्रिणींना आणि सासरच्या बायकांना चहाला बोलवायचं पोरीच्या मनात होतं.

"छोटी आजी, सजावट सगळी चहाची हवी. आणि निघताना प्रत्येकीच्या हातात चहाची एक छोटीशी पेटी."

"घरी नेणार त्या?"

"मग काय माझ्या डोक्यावर ठेवून जाणार?"

झालं. जावेच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. कागदी कपबश्यांच्या माळा काय, चहाच्या पाण्यात कागद बुडवून केलेले तपकिरी गुलाब काय. घरातला चहा कागदच प्यायला. मी गेले की मला नुसतं पाणी. पेट्या तर तळहातात मावतील एवढ्या, झाकणावर कात्रीनं कोरलेली नक्षी, वर रेशमी फीत.

"किती जीव टाकशील?" मी म्हटलं.

"घरी जाणार आहेत, जाऊबाई," ती म्हणाली.

चहाच्या दिवशी बायका माळांखाली माना वर करून उभ्या राहिल्या. नवऱ्या मुलाची आत्या तर हरखूनच गेली. त्या घरात तिचाच शब्द चालतो, म्हणून नात सारखी तिच्या पुढंमागं.

"घरी जाईपर्यंत कुठं थांबा?" निघताना पेटी हातात पडताच आत्या म्हणाली. "आत्ताच पिऊ की हा."

तिनं फीत सोडली आणि पेटी किटलीत रिकामी केली. किटली काचेची. पाणी होतं तसं राहिलं आणि वर भुसा तरंगायला लागला.

"कुठल्या मळ्यातला हा?" आत्यानं विचारलं.

"सुताराच्या," मागून कुणीतरी म्हणालं, आणि मैत्रिणी फिसकन हसल्या. नातीचे कान लाल झाले.

"छोटी आजी, आत चहा नाही घातलास?"

"अगं, पेटीत भुसाच घाल..." एवढं बोलून जाऊ थांबली. तिच्या चेहऱ्याकडं मला बघवेना.

एक मऊ मनाची बाई म्हणाली, "असू दे हो. एवढी सुरेख आहे, कपाटात शोभेला ठेवू."

हसणं जावेनं सोसलं होतं. हे नाही सोसलं. ती एकेकीपुढं हात पसरत फिरली. "द्या इकडं. शोभेच्या नाहीत त्या." बायकांनी पिशव्यांतून पेट्या काढून दिल्या. मी मागून ताट धरून, मान खाली घालून. इतकं ओशाळं मला माझ्या स्वतःच्या लग्नातही झालं नव्हतं, आणि तिथं तर भर मांडवात माझी चप्पल तुटली होती.

नंतर ती नातीचा फोन घेईना. "मी लग्नाला येत नाही," मला म्हणाली. "मला बघितलं की सगळ्यांना किटली आठवेल. पोरीला जन्मभर टोमणे."

पण हात काही गप्प बसले नाहीत. जुन्या पेट्यांना भुशाचा वास, म्हणून तिनं सगळ्या नव्यानं केल्या, खरा चहा भरला, आणि आम्ही दोघी घरोघरी निघालो. दार उघडलं की पेटी हातात द्यायची आणि जिना उतरायचा, असा तिचा बेत. आत्याच्या दारात तो फसला.

"अशा कशा जाल? परीक्षा घेतल्याशिवाय सोडते होय?" आत्यानं तिला मनगट धरून आत नेलं आणि पेटी तिच्यासमोरच फोडली. जाऊ स्वयंपाकघराच्या दारात उभी, बसायला तयार नाही. पाण्याला रंग चढेपर्यंत तिनं श्वास घेतला असेल असं मला वाटत नाही.

"आता कसं," आत्या कप पुढं करत म्हणाली. "लग्नात माझ्या शेजारी बसा. तुमच्याकडची मला दुसरी कुणी ओळखीची नाही."

जावेनं खालमानेनं कप घेतला. आत्या साखर घालायला विसरली होती. जावेनं ते सांगितलं नाही; तळापर्यंत प्यायली. मग मीही प्यायले.