तिसऱ्या मजल्यावरची फट

अख्तरआपा कुणाच्याही घरी गेल्या की आधी पाणी मागतात. तहान नसली तरी. चपला काढतात त्या रस्त्याकडे तोंड करून. सरबत की चहा असं कुणी विचारलं तर चहा सांगतात, कारण चहाला वेळ लागतो. चहा येईपर्यंत वही उघडत नाहीत. दिवेलागणीला स्वतःच्या घरातले पडदे ओढतात, मग जिना उतरून रस्त्यावर जातात आणि वर बघतात. फट दिसली तर पुन्हा वर. त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक पितळी शिट्टी आहे. जोरात हसल्या की त्यांना उचकी लागते. आणि त्या जोरातच हसतात.

हेमाने त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते उचक्या देतानाच. मराठी घेऊन एम.ए. झाल्यावर तिला नोकरी मिळाली ती अशा ठिकाणी, की आईने दोनदा विचारलं, "म्हणजे नक्की काय करतात तिथे?" लढाया आणि दंगलींचा साध्या माणसांवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास करतात. कर्वे रस्त्याच्या एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर. हेमाला वाटलं होतं, तिथे सगळे सुतकी चेहऱ्याने वावरत असतील. तर सत्तरी ओलांडलेल्या एक बाई जिन्यात बसून, डोळे पुसत, उचक्या देत होत्या.

"पाणी आणू का?" हेमाने विचारलं.

"नको. एका गृहस्थांनी अंधारात दाढी केली म्हणे. बायको सकाळी ओरडली, अहो, मिशी कुठाय?"

आणि पुन्हा उचकी.

अख्तरबानू मैनुद्दीन शेख. जन्म नाना पेठेतला. आयुष्य गेलं ते लोकांच्या घरी बसून त्यांचं ऐकण्यात. सीमेवरच्या गावांत गेल्या, दंगलीनंतरच्या मोहल्ल्यांत गेल्या. नवरा होता तेव्हा तो म्हणायचा, माझी मुलाखत घ्यायची तेवढी राहिली. तो जाऊन आता दहा वर्षं होत आली.

आता त्यांनी स्वतःच एक नवा विषय काढला होता. एकाहत्तरच्या लढाईतला पुण्यातला ब्लॅकआउट.

संस्थेचे प्रमुख श्रीनिवास म्हणाले, "आपा, पुण्यावर बॉम्ब कुठे पडले?"

"नाहीच पडले. आपल्या वाट्याला युद्धातला फक्त अंधार आला. त्या अंधारात लोकांनी काय केलं ते विचारू."

"काय करणार? झोपले असतील."

"तुम्ही पुण्याचे नाही वाटतं," आपा म्हणाल्या.

मग दोघी पेठा पालथ्या घालायला लागल्या. हेमा रेकॉर्डर सांभाळायची. एका वऱ्हाडाने अंधारात चुकीच्या मांडवात जेवून घेतलं होतं, आणि वाढणाऱ्यांनी आग्रहही केला होता. एका बाईंनी खिडक्यांना काळा कागद इतक्या निगुतीने चिकटवला की घर सकाळी दहाला उठलं. त्यांच्या यजमानांनी कचेरीत जाऊन सांगितलं, युद्ध चालू आहे, उशीर व्हायचाच. भवानी पेठेतल्या एका काकांनी स्कूटरच्या दिव्याबरोबर हातातल्या बॅटरीलाही काळा रंग फासला. मग ती अंधारात सापडेना. ती शोधायला त्यांनी घरातले सगळे दिवे लावले.

हेमा घरी येऊन आईला हे सांगायची आणि आई पोळी करपवायची.

पहिल्याच आठवड्यात आपांनी दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक, मुलाखत घेणाऱ्याने गोष्टीत शिरायचं नाही. ऐकता ऐकता गोष्टीत आपणच निघालो, तर उठायचं आणि वही दुसऱ्याच्या हाती द्यायची. दुसरी, शेवटचा प्रश्न कधीही बदलायचा नाही. दिवे पुन्हा लागले, त्या संध्याकाळी तुम्ही काय केलंत? हा प्रश्न त्यांनी सगळीकडे विचारला होता. सीमेजवळच्या एका गावात एका बाईने उलट विचारलं होतं, "लागले का?"

हे सांगितलं त्या दिवशी आपा हसल्या नाहीत. हेमाने तो प्रश्न पाठ केला.

आणि एक तिसरी गोष्ट होती. ती शिकवलेली नव्हती, कबूल केलेली होती. रास्ता पेठेतल्या भेळेच्या गाडीपाशी उभं राहून.

एकाहत्तर साली आपा कॉलेजात होत्या. नागरी संरक्षणाच्या कामात नाव घातलेलं. दंडाला पट्टी, गळ्यात शिट्टी. संध्याकाळी ह्याच गल्लीतून फिरायचं आणि ज्याचा उजेड दिसेल त्याच्यावर ओरडायचं. एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर रोज एक फट. रोज त्या ओरडायच्या. रोज वरून एक आवाज काहीतरी खोचक बोलायचा. त्याचा चेहरा कधी दिसलाच नाही. अंधारच होता ना.

"मग दिवे लागल्यावर बघायचं की वर!"

"लाज वाटली गं. अंधारात भांडणं सोपं असतं."

"आता बघून काय करणार?"

"चार शब्द सुनवणार. बावन्न वर्षं साठलेत." मग भेळेचा कागद चुरगाळत म्हणाल्या, "एकदा बघायचंय, हेमा. तो आवाज ज्याच्या तोंडातून यायचा ते तोंड बघायचंय. बस."

हेमाच्या तेव्हा लक्षात आलं, की अभ्यासासाठी निवडलेल्या गल्ल्यांमध्ये रास्ता पेठेतल्याच इतक्या गल्ल्या का. तिला एकदम पंख फुटल्यासारखं झालं होतं.

इमारत पडून तिथे आता पार्किंग होतं. पण जुने भाडेकरू कुठे कुठे गेले ते वाण्याला माहीत होतं. एक कुटुंब हडपसरला, एक वाघोलीला. दोन्हीकडे जाऊन झालं. तो आवाज नव्हता. उरला एक पत्ता, वारज्याचा.

वारज्यात बाराव्या मजल्यावर दार उघडलं ते गोपाळकृष्ण अष्टपुत्रे यांनी स्वतः. वीजखात्यातून निवृत्त. स्वेटर उलटा घातलेला.

आपांनी पाणी मागितलं. चहा सांगितला. चहा आला. वही उघडली.

"माझी तर पंचाईतच होती," अष्टपुत्रे म्हणाले. "नोकरी विजेची आणि हुकूम अंधाराचा. दिवसा लोकांच्या घरी दिवे लावायचे, संध्याकाळी स्वतःचे विझवायचे."

"विझवायचात?" आपांनी विचारलं.

"नाही ना! एक मुलगी यायची खाली. शिट्टी फुंकत. आवाज असा, की बाई, विमानं तिलाच घाबरून परत गेली असतील."

हेमाने आपांकडे पाहिलं. पेन थांबलं होतं.

"मी वरून म्हणायचो, अहो, या पेठेतला तिसरा मजला पोस्टमनला सापडत नाही, वैमानिकाला काय सापडणार!"

आपांना एक उचकी लागली. लहानशी.

"पाणी घ्या. तर ती म्हणायची, तुमचं नाव लिहून घेते. मी म्हणायचो, लिहा की, पण अंधारात लिहिणार कसं?"

दुसरी उचकी. तिसरी.

"फट बुजवायला काय झालं होतं तुम्हाला?" हा प्रश्न वहीत नव्हता. आपांचा आवाज जरा चढलाच होता.

अष्टपुत्रे कपाकडे बघत म्हणाले, "बुजवली असती तर ती आली नसती."

हेमाला वाटलं आपण उठून नाचावं, किंवा किंचाळावं, किंवा निदान बशी पाडावी. पण तिला तो नियम आठवला. आपा गोष्टीत निघाल्या होत्या. आता उठायला हवं होतं. नाहीतर गप्प बसून ऐकत राहायचं, आणि अष्टपुत्र्यांना कधीच कळू द्यायचं नाही.

आपा उठल्या. वही हेमाच्या मांडीवर ठेवली. पर्समधून किल्ल्यांचं जुडगं काढलं. शिट्टी ओठांना लावली आणि अशी फुंकली, की समोरच्या बाल्कनीतले पारवे उडाले.

"तिसरा मजला! दिवा झाका!"

अष्टपुत्र्यांच्या हातातला कप तसाच राहिला. तोंड उघडं. मग ते अगदी हळू, अगदी कोरडेपणाने म्हणाले,

"आता बारावा आहे."

पुढची दहा मिनिटं रेकॉर्डरवर फक्त उचक्या आहेत. दोघांच्या. त्यांनाही लागते, हे तेव्हा कळलं.

"स्वेटर उलटा घातलाय तुम्ही," आपा शेवटी म्हणाल्या. चार शब्द सुनवायचे होते ते हेच निघाले.

"अंधारात घातला," ते म्हणाले.

नियमाप्रमाणे हेमाने पुढचे प्रश्न विचारले. अष्टपुत्रे उत्तरं द्यायचे तिच्या प्रश्नांना आणि बघायचे आपांकडे. शेवटी ती म्हणाली, "दिवे पुन्हा लागले, त्या संध्याकाळी..."

"हा नको," आपा मध्येच म्हणाल्या. "हा मी विचारणार."

"पण नियम..."

"नियम मीच केलाय. हा एक मी विचारणार. आज नाही."

"आज नकोच," अष्टपुत्रेही म्हणाले. "उत्तर मोठं आहे. गुरुवारी या."

आपा गुरुवारी गेल्या. पुढच्या गुरुवारी पुन्हा गेल्या. हेमाने बरोबर जाणं सोडून दिलं, कारण तिथे तिच्याकडे कुणी बघत नसे. परत आल्यावर आपा नुसतं भांडण सांगत. आज पोह्यांत साखर किती यावरून, आज खिडकीला पडदा का नाही यावरून. पेठेतल्या बाकीच्या सगळ्या मुलाखती लिहून झाल्या. अहवालाचा मसुदा तयार झाला. श्रीनिवास दर सोमवारी दारात उभे राहून विचारतात, "वारज्याचं काय झालं?"

"चालू आहे," हेमा सांगते.

मागच्या गुरुवारी तिने आपांना जिन्यात गाठलं. त्यांच्या हातात डबा होता. शिरखुर्म्याचा वास येत होता.

"आपा, आज तरी विचारा. एकच प्रश्न राहिलाय."

"विचारला की मुलाखत संपते, वेडे," आपा म्हणाल्या. एक उचकी दिली. आणि वारज्याची बस चुकेल म्हणून झेरॉक्सच्या दुकानापुढून जवळजवळ पळतच गेल्या.

वही हेमाच्या टेबलावर आहे. शेवटच्या प्रश्नाखाली अर्धं पान कोरं सोडलेलं आहे.