कवितेतल्या बाईला मी काय सांगितलं

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. लेकीच्या नाही, बहिणीच्या नाही. गणपतीसमोरसुद्धा नाही. देवळात जायचे, हात जोडायचे आणि नेमकं हे सोडून बाकी सगळं बोलायचे. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसाला सांगायची माझी छाती नाही.

आम्ही लिंबागणेशला राहायचो. माझे यजमान शाळेत मराठी शिकवायचे. गाव त्यांना सर म्हणायचं, म्हणून मीही सरच म्हणायला लागले. नव्वदच्या पुढची ती वर्षं. गावात नवं नवं काय काय येत होतं, कुणाकडे रंगीत टीव्ही, कुणाकडे केबल. आमच्याकडे फोन आला. पुढच्या खोलीत मी एसटीडी बूथ टाकला. काचेची केबिन, पिवळी पाटी, दारात बाकडं. सर शाळेत गेले की दिवसभर मीच तिथं बसायचे. कुणाची लेक बाळंत झाली, कुणाचा पोरगा पुण्यात नोकरीला लागला, सगळं आधी माझ्या कानावरून जायचं. मला वाटायचं, गावातल्या सगळ्या गोष्टी मला ठाऊक आहेत. आणि माझ्याच घरातली?

सर नांदूरघाटचे. वडलांचं तिथं किराणा दुकान होतं आणि दुकानामागं राहतं घर. सर कॉलेजात असताना ते घर विकलं गेलं. मी ते कधी पाहिलंच नाही. लग्न होऊन आले तेव्हा घर दुसऱ्याचं झालेलं होतं. सर त्याबद्दल फार बोलायचे नाहीत. बोलणं हा त्यांचा स्वभावच नव्हता. जेवण, शाळा, वह्या, झोप. वाईट वागले असं एकदाही नाही — हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं मला तसं काहीतरी म्हणावंसं वाटेल.

एका वर्षी त्यांनी कविता लिहिली. पहिली नव्हती, पण मला दाखवलेली पहिलीच. दाखवली तरी कशासाठी? माझं अक्षर चांगलं म्हणून. दिवाळी अंकाला पाठवायची होती, तर म्हणाले, जरा स्वच्छ कागदावर उतरवून दे. मी भांडी घासून, हात पुसून बसले उतरवायला.

दुकानामागच्या दोन खोल्या, मागं परसात आड.
भिंतीपलीकडून यायची कळशी, कळशीमागनं ती.
घर विकलं तेव्हा सगळं लिहून दिलं —
फक्त रहाटाची कुरकुर कागदात घालायची राहून गेली.

अशी सुरुवात होती. पुढं आणखी होतं. तिचे ओले पाय, तिच्या वेणीची लाल रिबीन, तिचं लग्न ठरल्याचं कळलं त्या दिवशी आडाचं पाणी कसं दिसलं, ते. मी उतरवत गेले. एकही काना-मात्रा चुकू दिली नाही. सतरा वर्षं मी ह्या माणसाचं पाणी भरत होते आणि माझे पाय ओले असतात का कोरडे, हे त्यांनी बघितलं असेल का? शेवटची ओळ लिहिली आणि विचारलं, "ही कोन?"

"कोण नाही. कवितेत असं लागतं."

मी पाकीट चिकटवलं. पोस्टात टाकायलाही मीच गेले.

कविता छापून आली. अंकाच्या शेवटी सगळ्या कवींचे पत्ते होते. सरांच्या नावापुढं आमच्या बूथचा नंबर. सरांनी एक अंक खाकी कव्हर घालून कपाटात ठेवला. आणि तेव्हापासून रोज, शाळेतून आले की सायकल भिंतीला टेकवताना विचारायचे, "कुणाचा फोन आलता का?" सहज विचारल्यासारखं. पण मला कळत होतं ना, सहज कसं विचारतात आणि हे कसं विचारतायत.

तो फोन आला. दिवाळीनंतर महिना-दीड महिन्यानं असेल. दुपारची वेळ, बूथवर कुणी नव्हतं.

"सर हायेत का?" बाईचा आवाज. मी म्हटलं, कोण बोलतंय? "मी गोदावरी. अंबाजोगाईहून बोलतेय. मूळची नांदूरघाटची. त्यांना ठाव हाय."

ती घाईघाईनं बोलत राहिली. लांबचा फोन, कुठल्यातरी बूथवरूनच करत असणार. म्हणाली, "मला काई काम न्हाई त्यांच्याकडं. वाचनालयात अंक सापडला. कविता वाचली म्हनावं. घर लई बरोबर मांडलंय. फकस्त त्यांना एक सांगा — आडावर रहाट नव्हता, लोखंडी कप्पी व्हती. अन् ती कुरकुरत नव्हती, किंचाळायची!" आणि हसली.

बघा. एवढाच निरोप. त्यात काय होतं माझं घर मोडण्यासारखं? तिला भेटायचं नव्हतं, काही मागायचं नव्हतं. मी हा निरोप संध्याकाळी सांगितला असता, तर सर कदाचित हसले असते. मी त्यांना मोठ्यानं हसताना किती वेळा बघितलंय? पाच-सहा वेळा? ते एक हसू मला त्यांना द्यायचं नव्हतं. तिच्याकडून आलेलं तर नाहीच.

ते हसणं ऐकलं मात्र, आणि मी म्हणाले —

दर वेळी इथवर येऊन मी थांबते. मनातल्या मनात सांगतानाही. फिरून फिरून त्यांच्या स्वभावाबद्दल बोलते, बूथबद्दल बोलते. आता नाही.

मी म्हणाले, "सर वारले."

कपाळाला कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र आणि मी स्वतःच्या तोंडानं म्हणाले, सर वारले. जीभ अडखळलीसुद्धा नाही. पलीकडं नुसती खरखर. मग तिनं अगदी बारीक आवाजात विचारलं, "कधी?" त्याचंही उत्तर माझ्याकडे तयार होतं. "दिवाळी झाल्यावर. छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात न्यायलाही उसंत मिळाली न्हाई." त्याच वेळी सर शाळेत नववीच्या वर्गावर होते.

फोन ठेवला आणि मला काय वाटलं, सांगू? भीती नाही, शरम नाही. बरं वाटलं. चहा करून प्याले.

भीती नंतर आली. त्यांना शाळेतून यायला जरा उशीर झाला की मी दारात येऊन उभी राहायचे. वाटायचं, मी बोललेलं कुणीतरी ऐकलंय आणि आता ते खरं करणार. मग सर यायचे, सायकल टेकवायचे आणि विचारायचे, "कुणाचा फोन?" मी म्हणायचे, "न्हाई."

मला वाटलं, इथं संपलं. पण त्यानंतरच्याच चतुर्थीला ती आली.

चतुर्थीला गावात गर्दी असते. दर्शनाला आलेली माणसं घरी फोन करायला बूथवर यायची. दुपारी गर्दी ओसरली, मी एकटीच होते. रस्त्यावरून एक बाई एसटीडीची पाटी बघत बघत येताना दिसली. चाळिशीची, अंगानं बारीक, जाड भिंगाचा चष्मा, पायांत साध्या चपला. कपाळ मोकळं. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं, तरी मला लगेच कळलं. कसं कळलं ते विचारू नका.

उठून आत जाता आलं असतं. खोटं बोलले म्हणून पाय धरता आले असते. तेवढा वेळ होता माझ्याजवळ, रस्ता ओलांडेपर्यंतचा. त्या वेळात मी पदराचं टोक जिभेला लावलं आणि कपाळ खसाखसा पुसलं. मंगळसूत्र पोलक्याच्या आत ढकललं. बांगड्यांवरून पदर ओढून दोन्ही हात त्यात गुंडाळले.

हे मी केलं. कुणी करायला लावलं नाही.

ती पायरीवर थांबली. "मी गोदावरी. मागं फोन केलता," म्हणाली. "देवाला आलते. म्हनलं दारावरून तसंच कसं जावं." मी तिला आत घेतलं, सतरंजी टाकली. ती समोर न बसता माझ्या शेजारी बसली. "माझ्या मालकाला जाऊन चार वर्सं झाली," ती म्हणाली. "पहिलं वरीस लई अवघड जातं, ताई. लोकं येतात-जातात तवर काई कळत न्हाई. मग घर खायला उठतंय." ती माझी समजूत घालत होती. खरी विधवा, माझी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते कशाचं होतं, मला आजही सांगता येणार नाही. तिला ते नवऱ्यासाठीचं वाटलं. तिनं हात पुढं केला आणि पदरासकट माझे हात हातात घेतले.

बांगड्या वाजल्या.

तिनं हात लगेच सोडला नाही. तिची नजर माझ्यावरून मागच्या दाराकडं गेली. ते उघडंच होतं. अंगणात दोरीवर सरांचा सदरा आणि बनियन वाळत होता. सकाळीच धुतलेला. बनियनचं टोक अजून ओलं दिसत होतं. तिनं ते बघितलं. मग माझ्या कपाळाकडं बघितलं — घाईत पुसलेलं कुंकू कधी पूर्ण निघतं का? आणि मग तिनं माझ्याकडं बघितलं.

मी वाट बघत होते, ओरडेल, शिव्या देईल, निदान विचारेल तरी, कावून असं केलंस बाई? तेवढं विचारलं असतं तर मी तिथंच कोसळले असते. तिनं विचारलं नाही. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. "येते मी," म्हणाली. मी पाणी विचारलं, चहा विचारला. नको म्हणाली. पायरी उतरताना मागं वळली आणि अगदी साध्या आवाजात बोलली, "जपा त्यांना."

त्यांना. मेलेल्या माणसाला जपायला सांगतं का कुणी?

आमच्या घरावरून स्टँडकडं जाताना शाळा लागते. मी काचेआडून बघत होते. शाळा भरलेली होती, फाटक उघडं होतं. आत जाऊन नुसतं नाव घेतलं असतं तरी सर बाहेर आले असते. ती फाटकापाशी थांबली, क्षणभरच. आणि पुढं गेली.

मी कपाळाला कुंकू लावलं. अर्ध्या तासानं सर आले.

"कुणी आलतं का?" सतरंजी बघून त्यांनी विचारलं.

"देवाच्या गर्दीतली एक बाई. पाय दुखत व्हते म्हून टेकली."

ते हं म्हणाले आणि दोरीवरचे कपडे काढायला अंगणात गेले.

त्यानंतरही वर्षभर ते फोनचं विचारत राहिले. मग विचारायचे थांबले. कविता लिहिणंही थांबलं. लोकांना वाटलं, शाळेचं काम वाढलं, वय झालं. मी काही म्हटलं नाही. एकदा त्यांनी तो अंक कपाटातून काढला, कव्हर काढून परत घातलं आणि मला म्हणाले, "अंक फार लांबवर जात नसेल नाही हा?" मी भाजी चिरत होते. म्हटलं, "कुठं जातोय. आपल्याच जिल्ह्यापुरता असंल." त्यांचा पडलेला चेहरा मी बघितला, आणि भाजी चिरत राहिले.

मला त्यांच्यावर फार प्रेम होतं, म्हणून केलं? असं म्हणता आलं तर बरं वाटेल. पण तसं नाही. एखाद्या माणसाला एवढी जागा कुणी देतं आणि तो माणूस मी नाही, हे मला सोसलं नाही. म्हणून ती जागा मी दोन्ही बाजूंनी बुजवली. ती जिवंत असलेल्या माणसासाठी हळहळली आणि सरांना वाटत राहिलं की आपलं कुणी वाचलंच नाही.

ते शेवटी वर्षभर अंथरुणावर होते. मी सगळं केलं, अगदी सगळं. सगळे म्हणायचे, काकूंनी काय सेवा केली! त्या वर्षात सांगायला किती दुपारी होत्या. एक दिवस तोंड उघडलंही होतं. त्यांनी विचारलं, "काय गं?" मी म्हटलं, "उशी नीट करू का?"

ते गेल्यावर शाळेनं शोकसभा ठेवली. एका तरुण शिक्षकानं तो अंक मिळवला होता. त्यानं ती कविता वाचली, सगळी. पोरगा चांगला वाचत होता. वाचून झालं तेव्हा माझ्या शेजारच्या बाईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काकू, ही तुमच्यावरच लिवलीय ना सरांनी?"

सगळे माझ्याकडं बघत होते. लेकसुद्धा.

मी मान हलवली. हो म्हणून. बायकांनी डोळ्यांना पदर लावले, आणि मी ते रडणं माझं म्हणून घेतलं.