साडूंची गरम खोली

आमच्या साडूंइतका माणसांवर कमी आणि थर्मामीटरवर जास्त विश्वास ठेवणारा गृहस्थ साऱ्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. चिखलीला बाजारामागच्या गल्लीत त्यांचं फ्रिज-कूलर दुरुस्तीचं दुकान. उभा जन्म त्यांनी वस्तू गार करण्यात घालवला आणि त्यातून त्यांचं असं ठाम मत झालं, की जगातल्या प्रत्येक गोष्टीचं एक नेमकं टेंपरेचर असतं आणि ते साधलं की माणसाची निम्मी दुःखं मिटतात. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी काचेचा एक थर्मामीटर कायम, आणि तो कुठे बुडवावा याला काही धरबंध नाही. माझ्या पुतण्याच्या लग्नात त्यांनी तो मठ्ठ्याच्या पिंपात बुडवला, आकडा वाचून खेदाने मान हलवली आणि भर पंगतीत आचाऱ्याला चार शब्द सुनावले. आचारी झारा घेऊन पुढे आला तेव्हा मलाच मध्ये पडावं लागलं. तुम्हाला गरम होतंय का, असं त्यांनी कधी कोणाला विचारलं नाही. ते थेट मोजत, आणि मग तुम्हाला गरम होतंय की नाही ते तुम्हाला सांगत. घरात पंखा लावायला त्यांचा सक्त विरोध. पंखा म्हणजे गरम हवा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेणारा हमाल, असं ते म्हणत आणि स्वतः घामाने निथळत बसत.

उन्हाळ्यात हा माणूस देवालाही भेटायचा नाही. एप्रिल-मे महिन्यात त्यांचा फोन बंद, दुकानाला कुलूप आणि गिऱ्हाइकं गल्लीच्या दोन्ही टोकांना दबा धरून बसलेली. थंडीत मात्र कोणी कुत्रं विचारत नसे. मग साडू उदास होत आणि स्वतःच्या घरचा चांगला चालणारा फ्रिज उघडून बसत. त्यांच्या कामाची तऱ्हा कळण्यासाठी एकच प्रसंग सांगतो. शेजारचे म्हातारबुवा गेले. मुलगा पुण्याहून यायचा होता, म्हणून भाड्याने शीतपेटी आणली होती. सगळी आळी रडत होती आणि साडू पेटीला कान लावून उभे. आतली मोटर नीट चालत नसल्याचं त्यांनी जाहीर केलं, जमिनीवर उताणे झाले आणि पेटीचा पत्रा काढला. रडणाऱ्या थोरल्या सुनेच्या हातात त्यांनी बॅटरी दिली. तिनेही ती धरली आणि धरल्या धरल्या रडत राहिली. काम झाल्यावर ते मला म्हणाले, "माणूस गेला म्हणून काय झालं? टेंपरेचर त राह्यलं पायजे." ही गोष्ट आम्ही नातेवाईक कित्येक वर्षं हसून हसून सांगत आलो.

या माणसाच्या पदरी आमच्या अक्का पडल्या, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. अंगाने भरलेल्या, आवाजाने खणखणीत आणि जात्याच उष्ण. दिवाळीतही त्या ओट्यावर पदराने वारा घेत बसायच्या. फ्रिजमधली गारव्याची चकती त्या जोरावर करून ठेवत, साडू येऊन ती कमी करत, आणि तिच्यावरून दोघांचं जे भांडण लग्नानंतर लगेच सुरू झालं ते पुढे कधी संपलं नाही. नवऱ्याचा उल्लेख त्या 'आमचं बर्फाचं दुकान' असा करीत. आम्ही मोताळ्याहून भेटायला गेलो की पहिला तास दोघांच्या एकमेकांविरुद्धच्या तक्रारी ऐकण्यात जायचा. मला तो तास फार आवडायचा, हे कबूल करायला हरकत नाही.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता अक्कांच्या पोटात गाठ निघाली. संभाजीनगरच्या दवाखान्यात फेऱ्या सुरू झाल्या. सलाईनमधून औषधं गेली, केस गेले, आणि बघता बघता ती भरलेली बाई लुगड्यात शोधावी लागेल अशी झाली. आणि त्यांना थंडी वाजू लागली. भर दुपारी दोन स्वेटर, कानटोपी, वर गोधडी, तरी दात वाजत. डॉक्टरांनी साडूंना बाजूला घेऊन सांगितलं, की आता आमच्या हातात फारसं काही नाही, तुम्ही त्यांना थंडी तेवढी वाजू देऊ नका, तेवढाच त्रास कमी. बाहेर येऊन त्यांनी ते मला जसंच्या तसं सांगितलं आणि खिशातला थर्मामीटर काढून उगाच पुसत बसले. बायको राहणार नाही हे त्यांना कळलं होतं. या हिवाळ्यात तिला थंडी वाजू द्यायची नाही, एवढं एकच काम त्यांना उरलं होतं.

शेगडी ठेवली तर धुराने अक्कांना खोकला येई. तारेचा हीटर लावला तर तोंडाला कोरड पडे. मग साडूंनी मोबाईलवर परदेशातली घरं पाहिली. तिथे म्हणे एका जागी पाणी तापवतात आणि ते नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरवून घर गरम ठेवतात. चार दिवसांत त्यांनी न्हाणीतल्या गीझरपासून अक्कांच्या खोलीपर्यंत नळ्या टाकल्या, भंगारातून ट्रॅक्टरचं रेडिएटर आणून भिंतीला टांगलं आणि पाणी फिरवायला कूलरचा पंप बसवला. गरम पाण्याची सवय नसल्यामुळे तो पंप अधूनमधून प्राण सोडी आणि साडू निमूटपणे दुसरा लावत. अक्कांनी पलंगावरून ते सगळं पाहिलं आणि विचारलं, "ट्रॅक्टर त आला घरात. आता नांगर कधी आणता?" त्या आजारात त्या एवढं हसलेल्या मी तेव्हाच पाहिल्या. साडू हसले नाहीत, कारण ते रेडिएटरच्या तोंडाशी थर्मामीटर धरून बसले होते.

एक अडचण राहिली होती. खोली गार झाली की पंप सुरू करायचा आणि पुरेशी तापली की बंद करायचा, हे कोणी करायचं? त्यासाठी भिंतीवर थर्मोस्टॅट लागतो. साडूंनी ओळखीतल्या कोंबडीवाल्याकडून अंडी उबवायच्या मशीनमधला एक जुना थर्मोस्टॅट आणून जोडला. तो काही दिवस चालला आणि मग अडकू लागला. तेव्हा साडू स्वतःच थर्मोस्टॅट झाले. रात्रभर खुर्चीत बसायचं, आकडा पाहायचा, बटण दाबायचं. आठवड्यांमागून आठवडे तो माणूस आडवा झाला नाही. त्यांचे डोळे खोल गेले, बोलता बोलता ते मध्येच पेंगत आणि अक्का त्यांच्याकडे बघत राहत.

शेवटी पार्सलने नवा थर्मोस्टॅट आला, आकडे दाखवणारा. नेमके आम्ही दोघं तेव्हा चिखलीलाच होतो. त्याच्या मागे तीन स्क्रू होते. एक सामाईक, एक खोली गार झाल्यावर पंप सुरू करणारा आणि एक खोली तापल्यावर सुरू करणारा. साडूंनी जुना काढला, नवा घेतला आणि माझ्याशी बोलत बोलत, तिकडे न बघता, दोन वायरी आवळल्या. हाताला सवयच तशी. दुपारची वेळ, भिंतीवर ऊन, खोली चांगली तापलेली. त्यांनी त्याहून थोडा कमी आकडा लावला. खट्ट आवाज झाला, लाल दिवा लागला आणि पंप घरघरू लागला. माझी बायको टाळ्या वाजवायला लागली, मीही वाजवल्या. खोली आधीच गरम आहे आणि हे गरम करणारं यंत्र आत्ता काऊन सुरू झालं, हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाही पडला नाही. आमच्या मुलखात यंत्रं उकाडा झाला की सुरू व्हायची. आम्ही जन्मभर तेवढंच पाहिलं होतं. अक्कांनी गोधडी बाजूला सारली आणि लई बेस झालं म्हणाल्या. त्या रात्री साडू त्यांच्या शेजारच्या बाजेवर आडवे झाले. त्यांचं घोरणं बाहेरच्या खोलीपर्यंत येत होतं, आणि आम्ही ते ऐकत समाधानाने झोपलो.

सकाळी बायको चहा घेऊन आत गेली आणि तिने मला हाक मारली. खोली फ्रिजसारखी गार पडली होती. थर्मोस्टॅटवर सोळाचा आकडा होता, दिवा विझलेला, पंप गप्प, रेडिएटर दगडासारखं थंड. अक्का पाय पोटाशी घेऊन पडल्या होत्या. ओठ निळे झाले होते. शेजारी साडू अजून झोपलेलेच होते. बायकोने त्यांना हलवून उठवलं. ते उठले, त्यांनी अक्कांच्या तळपायांना हात लावला आणि हात तिथेच ठेवून विचारलं, "मले उठवलं काऊन नाई?"

अक्कांना नीट बोलता येत नव्हतं. त्या थांबत थांबत म्हणाल्या, "झोपले होते ना तुमी. किती दिसांनी झोपले. म्हटलं, झोपू दे त्यायले."

साडू थर्मोस्टॅटपुढे जाऊन उभे राहिले. मग त्यांनी पेचकस घेतला, एक वायर या स्क्रूवरून काढून त्या स्क्रूला लावली. दिवा लागला, पंप सुरू झाला. तेवढंच काम होतं. ते खाली जमिनीवर बसले आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, "गार पडलं की सुरू व्हाले पायजे होतं हे. म्या तापल्यावर सुरू होईन असं जोडलं. रातच्या गारठ्यात खोली आकड्याखाली उतरली अन् हे बंदच पडलं. उभा जन्म तसंच जोडत आलो. हाताले दुसरं येतच नाई."

अक्कांच्या छातीत कफ भरला, तो औषधाने उतरला, पण त्या पुन्हा बसत्या झाल्या नाहीत. माघात त्या गेल्या. त्या सकाळचा आणि जाण्याचा काही संबंध नाही, हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, मीही अनेकदा सांगितलं. साडू ऐकून घेतात आणि मान डोलावतात. त्या सकाळनंतर शेवटपर्यंत ती खोली एकदाही गार पडली नाही. आकडा समोर दिसत असूनही ते घडीघडी अक्कांना थंडी वाजते का विचारत. अक्का वैतागून म्हणायच्या, "नाई म्हटलं ना. आता लिहून देऊ काय?"

परवा वैशाखात मी चिखलीला गेलो. चटके बसावेत असं ऊन. दुकानाचं दार अर्धं उघडं होतं. गिऱ्हाइकं आता दबा धरत नाहीत, साडू बोलावलं की मुकाट्याने जातात. मला ते पाहून फार वाईट वाटलं. त्यांच्याशी कोणी भांडत नाही आणि तेही कोणाला चार शब्द सुनावत नाहीत. त्यांनी पिठलं-भाकरी केली होती. जेवून आम्ही त्याच खोलीत सतरंजीवर आडवे झालो. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले आणि म्हणाले, "काई लागलं त उठवा बरं मले. झोपलो दिसलो तरी उठवा."

मी हो म्हणालो. थोड्या वेळाने त्यांना डोळा लागला. तोंड थोडं उघडं, चेहरा थकलेला. ते शेवटचे नीट कधी झोपले होते कोण जाणे. मला तहान लागली होती. माठ माझ्या उशाशीच होता, हात लांबवला असता तर पेला मिळाला असता. क्षणभर वाटलं, झोपू द्यावं त्यांना. मग मी त्यांच्या खांद्याला हात लावून हलवलं आणि म्हणालो, भाऊ, जरा पाणी द्या. ते ताडकन उठले आणि त्यांनी मला पाणी दिलं.